मधले सहा दिवस

‘वाट पाहणे’ या क्रियेविषयी मराठी साहित्यात पुष्कळ लिहिले गेले आहे. संतांनी विठ्ठलाची वाट पाहिली, विराण्यांतील नायिकेने प्रियकराची, शेतकऱ्याने पावसाची. या थोर परंपरेत माझी प्रतीक्षा बसवायला मला थोडा संकोच वाटतो. कारण मी वाट पाहत होतो ती एका वाघाची. तोही खरा वाघ नव्हे. जपानमध्ये चित्रित झालेला आणि नाना पाटेकरांच्या आवाजात हिंदी बोलणारा वाघ.

१९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘द जंगल बुक’ ही चित्रमालिका सुरू झाली. तुमच्यातील जे आज चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांच्या कानांत गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाजांनी स्वरबद्ध केलेले तिचे शीर्षकगीत हे वाक्य वाचतानाच वाजू लागले असेल. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कथा, त्यांवर १९८९-९० मध्ये जपानमध्ये निघालेली बावन्न भागांची मालिका, तिला दिलेले हिंदी संवाद आणि ते ऐकणारी तासगाव तालुक्यातील एका वाडीवरची आम्ही मराठी पोरे, असा त्या मोगलीचा प्रवास होता. अर्थात यातले काहीही तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. मोगली आमच्याच डोंगराच्या पलीकडे कोठेतरी राहतो, अशी आमची समजूत होती.

वाडीवर दूरदर्शन संच एकच, गुरुजींच्या घरी. तोही कृष्णधवल. रविवारी अंघोळ उरकून आम्ही पंधरा-वीस मुले त्यांच्या सोप्यात दाटीवाटीने बसत असू. एक जण छपरावर चढून अँटेना फिरवी. खालून ‘आलं, आलं’ आणि लगेच ‘गेलं’ असा पुकारा चाले. पडद्यावर मुंग्या आल्या की सगळ्यांचा जीव खालीवर होई. वाऱ्याने अँटेना हलली, तर बघीरा बोलता बोलता लाटेसारखा वाकडा होऊन जाई. आणि लाईट गेली, तर सगळेच संपले. भाग पुन्हा पाहण्याची काहीही सोय त्या काळी नव्हती. जो रविवार गेला तो गेला.

तो अर्धा तास फार लवकर सरे. खरी मालिका त्यानंतर सुरू होई, असे मला आता वाटते. सोमवार ते शनिवार हे सहा दिवस आम्ही त्या अर्ध्या तासावर काढीत असू. बाभळीच्या वाकड्या फांदीचे बूमरँग तासून घेणे, ते परत येत नाही म्हणून तासणाऱ्याशी भांडणे, आणि पुढच्या रविवारी काय होणार यावर शाळेच्या वाटेवर तावातावाने वाद घालणे. प्रत्येकाची पुढची गोष्ट वेगळी असे. एकाच्या मते का हा अजगर शेवटी दगा देणार होता. दुसऱ्याच्या मते बल्लू मरणार होता, आणि त्याबद्दल त्याने मारही खाल्ला. भाद्रपदात ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ निघतो. सात मजली गोपुरासमोरून दोर ओढणाऱ्यांची गर्दी काशीविश्वेश्वराकडे सरकत असताना, त्या गर्दीतही आम्ही शेरखानाविषयी बोलत होतो, हे मला स्पष्ट आठवते. गजाननाने क्षमा केली असावी.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा प्रकार नवा वाटू नये. १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमूचे पुढे काय झाले, हे जाणण्यासाठी त्या वेळच्या वाचकालाही पुढचा अंक येईपर्यंत थांबावेच लागे. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हाही वाचणारा बुवा ऐन प्रसंगात अध्याय संपवतो आणि पोथी कापडात बांधतो. उरलेली गोष्ट श्रोते आपापल्या घरी नेतात. अशी अर्धी गोष्ट बरोबर घेऊन राहण्याची सवय आपल्या समाजाला दूरदर्शनच्या पुष्कळ आधीपासून आहे.

चित्रमालिका बनवणाऱ्यांचे गणित मात्र अगदी वेगळे असते. चित्रपटाच्या एका सेकंदात चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात. तितकी चित्रे हाताने काढून दर आठवड्याला एक भाग पुरा करणे अशक्य. १९६३ मध्ये ओसामू तेझुका यांची ‘अॅस्ट्रो बॉय’ ही मालिका जपानमध्ये सुरू झाली, तेव्हा त्यांनी यावर तोड काढली. एकच चित्र दोन-तीन चौकटींसाठी वापरायचे, चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, एकदा काढलेली धाव पुन्हा पुन्हा दाखवायची. पुढील जपानी मालिकांनी हीच वाट धरली. मोगली एखाद्या फांदीवर उभा राहून बराच वेळ नुसता पाहत राही, ते आम्हांला त्याच्या गांभीर्याचे लक्षण वाटे. ती चित्रकारांची काटकसर असणार, हे कळल्यावरही माझा त्याच्याविषयीचा आदर कमी झालेला नाही. आणखी एक गोष्ट मोठेपणी कळली, तेव्हा मात्र मी चकित झालो. आम्ही ज्या भागांची वाट पाहत होतो, ते सगळे तीन वर्षांपूर्वीच पूर्ण झाले होते. जपानमधील मुलांना शेवट केव्हाच ठाऊक होता. भाग तयार होते. आमचा रविवार तेवढा यायचा होता.

आता आक्काविषयी सांगतो.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आईचे आजारपण लांबले तेव्हा नववीत तिची शाळा सुटली आणि ती द्राक्षबागेतील बायकांच्या टोळीबरोबर कामाला जाऊ लागली. तुमच्यापैकी जे या भागातले आहेत, त्यांना हे काम सांगायला नको. ऑक्टोबरमध्ये छाटणी झाली की फुटवे काढायचे, मग घडांची विरळणी, मग एकेक घड हाताने जीएच्या द्रावणात बुडवायचा. तासगावचे नाव मिरवणारी ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षे बाजारात लांबट आणि टपोरी दिसतात, त्यामागे मान वर करून दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका असतात. घड रविवार पाळत नाही. त्यामुळे आक्काने ‘जंगल बुक’चा एकही भाग कधी पाहिला नाही.

ती संध्याकाळी घरी येई, हातांवरचा चिकटा राखेने घासून काढी, चुलीपुढे बसे आणि म्हणे, “हं, सांग. काय झालं आज?”

मग मी सांगे. पहिल्या काही रविवारी दोन-चार वाक्यांत उरकले असेल. पण आक्का प्रश्न फार विचारी. बघीरा बसला होता की उभा? अकेला म्हातारा झालाय तर त्याचे दात शाबूत आहेत का? मोगलीला थंडी वाजत नाही? तिच्या प्रश्नांमुळे मला रविवारी नीट पाहावे लागे. गुरुजींच्या संचात रंग नव्हते. ते मी घातले. अरण्याला मी छाटणीनंतर फुटलेल्या बागेचा पोपटी रंग दिला आणि शेरखानाच्या डोळ्यांना वाळत आलेल्या बेदाण्याचा. आक्का भाकरी थापता थापता मान हलवी. दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट ती टोळीतल्या बायकांना सांगत असे, हे मला पुढे समजले. विरळणीच्या कात्र्या चालू असत आणि मोगली एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाई.

एका रविवारी मालिका सुरू होण्याआधीच लाईट गेली. आम्ही तासभर काळ्या काचेकडे पाहत बसलो आणि उठलो. संध्याकाळी आक्काने नेहमीप्रमाणे विचारले. ‘लाईट नव्हती’ हे दोन शब्द मला सहज उच्चारता आले असते. पण दिवसभर उभी राहून आलेली ती चुलीपुढे बसून माझ्याकडे पाहत होती, आणि मी सांगायला सुरुवात केली. मला थांबता येईना. मी मोगलीला कड्यावर नेले, खाली शेरखानाला उभे केले, बूमरँग फेकले आणि वाघ मारून टाकला.

आक्का इतकी खूश झाली की तिने मला गुळाचा खडा दिला. मंगळवारी येऊन म्हणाली, टोळीतल्या म्हातारीने विचारलंय, वाघाचं कातडं कुणी नेलं? मी सांगितले, अकेलाने.

पुढच्या रविवारी शेरखान जिवंत होता. नुसता जिवंत नव्हे, नानांच्या आवाजात गुरगुरत होता. तो पडद्यावर आला तेव्हा बाकीची मुले ओरडली आणि माझ्या पोटात गोळा आला. संध्याकाळी मी आक्काला सांगितले, की हा दुसरा वाघ आहे, मेलेल्याचा भाऊ, दिसायला अगदी तसाच. आक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “मोगलीला ठाव हाय का, ह्यो भाऊ हाय म्हणून?”

ते मला सुचले नव्हते. तेथून पुढे मला दोन मालिका सांभाळाव्या लागल्या. एक गुरुजींच्या सोप्यातली आणि दुसरी आक्काची, जिच्यात वाघ दोन होते, एक मेलेला आणि एक सूड घ्यायला आलेला. रविवारच्या सकाळपेक्षा रविवारच्या संध्याकाळची मला अधिक धास्ती वाटू लागली. आणि खरे सांगायचे तर अधिक ओढही.

मी शिकलो, मराठीचा शिक्षक झालो. माझ्या वह्या-पुस्तकांच्या पैशांत आक्काची मजुरी होती, हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नाही. मुलांची लग्ने झाल्यावर तिने मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी शिक्षणक्रम पूर्ण केला आणि मराठी विषय घेऊन बी. ए.ला नाव घातले. मागच्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ती स्वाध्याय लिहीत बसली होती. बोलता बोलता जुना विषय निघाला आणि तीस वर्षे मनात राहिलेली गोष्ट मी तिला सांगून टाकली. त्या रविवारी लाईट नव्हती, आक्का. वाघ मी मारला.

ती हसायला लागली. “आरं, त्या दिवशी सकाळीच हिरीवरची मोटार बंद पडली. पानी न्हाई म्हणून डिपिंग थांबलं, समद्या बाया बांधावर बसून राहिलो. शिवारातली लाईट गेली, मग गुरुजींच्या घरात काय टीव्ही चालू असणार व्हय?”

“मग तू टोळीत कशाला सांगितलंस?”

“त्या बी बांधावरच बसल्या हुत्या की. समद्यास्नी ठाव हुतं.” ती पुन्हा हसली. “म्हातारीनं तर मुद्दाम कातड्याचं इचारलं. म्हणली, बघू पोरगं काय सांगतंय.”

मला काय बोलावे कळेना. त्या चुकलेल्या भागात खरे काय घडले होते, हे मला आजही ठाऊक नाही. मी म्हणालो, आता मोबाइलवर शोधले तर सापडेल, पाहायचा का आपण?

“बघू कवातरी,” आक्का म्हणाली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “आधी ह्यो माझा निबंध वाच. लई लांबलाय का सांग.”