खानदेशातील दीड दिवस : काय पाहावे, काय सोडावे

जळगाव किंवा धुळे येथे केवळ पर्यटनासाठी येणारा पाहुणा विरळाच. बहुतेक जण लग्नकार्यासाठी, कोणाच्या सांत्वनासाठी, नाहीतर मुलाची बदली झाली म्हणून त्याचे बिऱ्हाड लावून द्यायला येतात. कार्य उरकते, परतीचे आरक्षण दुसऱ्या दिवशी रात्रीचे असते आणि मध्ये एक-दीड दिवस मोकळा उरतो. घरातील तरुण मंडळी मोबाइलवर प्रेक्षणीय स्थळे शोधतात. पाहता पाहता दहा-बारा नावांची यादी तयार होते. मग सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांपुढे दोनच मार्ग राहतात. एक तर त्या यादीमागे धापा टाकत फिरायचे, नाहीतर ‘तुम्ही आराम करा’ हे ऐकून लॉजच्या खोलीत दिवस काढायचा.

प्रवासापूर्वी प्रकृती दाखवायला आलेले वृद्ध मला विचारतात, “जाऊ का?” सोबत आलेला मुलगा किंवा सून विचारते, “झेपेल का?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत, परंतु त्यांच्याही आधी विचारायचा प्रश्न बहुधा राहूनच जातो : “तुम्हाला स्वतःला काय पाहायचे आहे?” त्याचे उत्तर मिळाले, की ते कसे झेपवायचे हे ठरवणे वैद्यकाच्या दृष्टीने फारसे अवघड नसते.

आधी इच्छा, मग यादी

माझ्या एका रुग्ण बाई निवृत्त शिक्षिका होत्या. वय ७६, दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. भाच्याच्या लग्नासाठी जळगावला जायचे होते. घरच्यांचा बेत असा, की सर्वांनी अजिंठ्याला जावे आणि बाईंनी नातेवाइकांकडे विश्रांती घ्यावी. बाई काही बोलत नव्हत्या. मी विचारल्यावर मात्र त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “मला धुळ्याचा तुरुंग बघायचा आहे. बाहेरून दिसला तरी चालेल.”

मुलाला हसू आले. कारण कळल्यावर तो गप्प झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि तेथेच बंदिवासात असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यातून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला. बाईंचे दिवंगत यजमान तो ग्रंथ रोज सकाळी मोठ्याने वाचीत असत. ते कारागृह आजही वापरात असल्याने परवानगीवाचून आत जाता येत नाही. बाई मोटारीतून उतरल्या, काठीच्या आधाराने दहा मिनिटे भिंतीसमोर उभ्या राहिल्या आणि परत बसल्या. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी लग्नाविषयी दोन वाक्ये सांगितली आणि त्या दहा मिनिटांविषयी बराच वेळ बोलत राहिल्या.

कोणत्याही यादीत हे स्थळ वरच्या क्रमांकावर येणार नाही. स्थळाची कीर्ती आणि पाहणाऱ्याचे त्याच्याशी असलेले नाते या भिन्न गोष्टी आहेत. वेळ आणि शक्ती दोन्ही थोड्या असतील, तेव्हा नात्याला अग्रक्रम द्यावा. विचारताना मात्र “कुठे जायचे?” असे मोघम विचारू नये. “तुम्ही म्हणाल तिथे” एवढेच उत्तर मिळेल, कारण आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होऊ नये ही धास्ती वृद्धांच्या मनात सतत असते. दोन-तीन ठिकाणांची नावे घेऊन, त्यांची थोडी माहिती सांगून विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे.

जळगाव : सावकाश पाहण्याजोगे

जळगावात अर्धा दिवस असेल, तर जैन हिल्सवरील गांधीतीर्थ हा उत्तम पर्याय आहे. भवरलाल जैन यांच्या प्रेरणेने उभे राहिलेले हे संग्रहालय २०१२ साली सुरू झाले. महात्मा गांधींचे जीवन येथे एकामागून एक दालनांत, कानावर लावलेल्या यंत्रातील निवेदनाच्या साथीने उलगडत जाते. फलकांवरील बारीक अक्षरे वाचत उभे राहण्याचा ताण त्यामुळे वाचतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी निवेदन नीट ऐकू येते की नाही, हे पहिल्याच दालनात पाहावे. येथे घाई करू नये. दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत. चाकांची खुर्ची आणि वेळांची चौकशी आदल्या दिवशी दूरध्वनीवरून करावी.

ज्यांना इतकेही चालणे नको, त्यांनी जुन्या जळगावातील बहिणाबाई चौधरी यांचे घर पाहावे. १८८० साली जवळच्या आसोदा गावी जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांच्या ओठी आलेली गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या घरात त्यांच्या वापरातील साध्या वस्तू जपल्या आहेत. पाहायला फार वेळ लागत नाही. परंतु ज्यांनी स्वतः जाते ओढले, चूल फुंकली, त्या पिढीतील आजीला येथे सांगण्यासारखे पुष्कळ आठवते. नातवंडे सोबत असतील तर वेगळ्या मार्गदर्शकाची गरज नाही. गल्ल्या अरुंद आहेत, म्हणून वाहन कोठवर जाते ते आधी विचारून घ्यावे.

अजिंठा : सारी लेणी नकोत, दोन पुरेत

सोपे तेवढेच वृद्धांनी पाहावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. माझे दुसरे एक रुग्ण चित्रकलेचे शिक्षक. आयुष्यभर त्यांनी मुलांना अजिंठ्याच्या चित्रांच्या छापील प्रती दाखवल्या, पण प्रत्यक्ष जाणे कधी जमले नाही. ८१ व्या वर्षी “आता कुठे झेपणार” असे सर्वांनी ठरवून टाकले होते. त्यांचे हृदय आणि फुप्फुसे ठीक होती. अडचण होती ती गुडघ्यांची. त्यांना मी जायला सांगितले.

अजिंठा जळगावहून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. लेणी सोमवारी बंद असतात, हे विसरून अनेकांचा एकुलता एक दिवस वाया जातो. फर्दापूरजवळच्या थांब्यावर खासगी वाहन सोडून पुढचे सुमारे ४ किलोमीटर तेथील बसने जावे लागते. नंतर पायऱ्यांची चढण आहे. ती न झेपणाऱ्यांसाठी पायथ्याशी डोलीवाले मिळतात. दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून जाण्याचा संकोच अनेकांना वाटतो. तो समजून घ्यावा, चेष्टा करू नये. दर आधी ठरवावा आणि डोलीबरोबर घरच्या एकाने चालावे.

लेण्यांचे क्रमांक काळानुसार दिलेले नाहीत. ती ज्या ओळीत कोरली आहेत त्या ओळीने दिले आहेत. त्यामुळे पद्मपाणीचे विख्यात चित्र असलेले पहिले लेणे आणि त्याला लागून असलेले दुसरे, ही दोन्ही चढण संपताच समोर येतात. महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती असलेले २६ वे लेणे मात्र दुसऱ्या टोकाला आहे. वृद्धांनी पहिली दोन लेणी स्वस्थपणे पाहून परतावे. तरुणांनी हवे तर पुढे जावे, पण एकाने मागे थांबावे.

आत प्रकाश मंद ठेवलेला असतो. उजेडातून अंधारात गेल्यावर दृष्टी सरावायला तरुणांनाही काही मिनिटे लागतात. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते आणि हा वेळ वाढतो. मोतीबिंदू असेल तर अधिकच. म्हणून आत शिरताच चालू लागू नये. कोणाचा तरी हात धरून दाराशी पाच मिनिटे थांबावे. तोल जाण्याची भीती कमी होते आणि चित्रेही हळूहळू दिसू लागतात. पादत्राणे बाहेर काढावी लागतात, म्हणून मधुमेहींनी जाड मोजे घालावेत आणि परतल्यावर तळपाय पाहावेत.

चित्रकला शिक्षकांनी दोनच लेणी पाहिली. उरलेली राहिली याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही.

धुळे : शांत, अभ्यासू शहर

जळगावहून धुळे साधारण ९० किलोमीटर. वाटेत एरंडोल आणि पारोळा लागते. तेथे थोडे उतरून पाय मोकळे करावेत. धुळ्याच्या जुन्या भागात गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात, त्यामुळे नवख्या माणसाला पत्ता सापडणे सोपे जाते.

इतिहासाची आवड असणाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ पाहावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच निधन झाले आणि पुढल्याच वर्षी हे मंडळ स्थापन झाले. रामदासी परंपरेत वाढलेल्यांसाठी शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते तेथे जतन केली आहेत. ज्यांची कुलदेवता एकवीरा आहे, त्यांची पावले पांझरेकाठच्या देवळाकडे वळणारच. या तिन्हींपैकी एक निवडावे. मुंबई-आग्रा महामार्गालगतचा लळिंग किल्ला पायथ्यापासूनच पाहावा. त्याची चढण गुडघ्यांना मानवणारी नाही.

प्रकृतीची पथ्ये

खानदेशचा उन्हाळा कडक असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या बराच वर जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात येणे भाग पडले, तर सकाळी दहापूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर बाहेर पडावे. वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून मागण्याची वाट न पाहता अर्ध्या-पाऊण तासाने थोडे पाणी द्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून घ्यायचे असेल, तर प्रमाण आधी डॉक्टरांना विचारावे. असंबद्ध बोलणे, अतिशय ग्लानी, तापलेले अंग ही उष्माघाताची चिन्हे होत. सावलीत नेऊन अंग ओल्या कापडाने पुसावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रवासात वारंवार उतरावे लागू नये म्हणून अनेक जण लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळतात आणि पाणीही पीत नाहीत. असे करू नये. गोळीची वेळ बदलता येते का, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी जेवण लांबेल असे गृहीत धरून खाण्याचा डबा आणि साखर जवळ ठेवावी. शेवभाजी, भरीत, खापरावरची पुरणपोळी यांची चव जरूर घ्यावी, पण बेताने. जळगावची केळी प्रसिद्ध आहेत. मात्र मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पोटॅशियम कमी ठेवायला सांगितले आहे, त्यांनी ती टाळावीत.

छातीत दुखणे, थोड्या चालण्याने धाप, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, यांपैकी काही असेल तर अजिंठ्याचा बेत रद्द करावा. एरवी नियम सोपा ठेवावा : सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी जमले तर दुसरे. आणि ते सकाळचे ठिकाण घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने निवडलेले असावे.