कांदेबाग आणि मुंबईची तारीख

मुक्ताईनगरला लोक मुक्ताबाईच्या दर्शनाला जातात. मी वांग्यांसाठी गेलो. दिवाळी उलटली, थंडी पडली की तापीकाठच्या भरिताच्या वांग्यांना जी चव येते ती पुण्यातल्या मंडईत कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही, हे माझं मत आहे आणि ते बदलण्याची माझी तयारी नाही.

कोथळीचं जुनं मंदिर, गावातलं नवं मंदिर आणि तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ यांत पहिला दिवस गेला. चकचकीत फरश्यांच्या देवळांत माझं मन लागत नाही. चांगदेवाच्या काळ्या दगडांपाशी मात्र बराच वेळ बसलो. चौदाशे वर्षं जगलेला म्हणून सांगितला जाणारा योगी आणि त्याची गुरू कोवळ्या वयाची मुक्ताबाई, अशी जोडी दुसऱ्या कुठल्या परंपरेत असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी भुसावळच्या मित्राबरोबर त्याच्या थोरल्या भावाच्या मळ्यात गेलो. मुक्ताईनगरच्या जुन्या नावाचा एदलाबाद फाटा म्हणजे कुठे, हे तिथली म्हातारी माणसं अजून बरोबर सांगतात. वाटेत चहाच्या टपरीवर पान मसाल्याची आणि तंबाखूची पुडी शेजारी शेजारी लटकत होती. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. म्हणून दोन पुड्या विकत घ्यायच्या आणि तळहातावर एक करायच्या. मित्राने तिकडे बघायचं टाळलं. टपरी मागे पडल्यावर तो म्हणाला, "भाऊंना कॅन्सर आहे. परत आलाय."

भाऊ साठीच्या आतले. डाव्या गालाच्या आतून सुरुवात झाली होती. मुंबईच्या टाटा रुग्णालयात ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे शेक घेतले. त्या वेळी अर्धं घर परळला होतं. नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात जागा मिळाली, मळा वाटेकऱ्याकडे दिला, भुसावळहून येण्याजाण्याची रेल्वेची सवलत सगळ्यांना पाठ झाली : स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्या एकाला पाऊण सूट. लढाईवर निघाल्यासारखे गेलो होतो, असं वहिनी म्हणाल्या. आता मानेत गाठ आली आहे, ती काढण्याजोगी नाही, आणि घरात प्रत्येकाचं वेगळं म्हणणं आहे.

हे सगळं मला कळलं ते भरीत होता होता. पऱ्हाटीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, वहिनी बडगीत मिरच्या-लसूण ठेचत होत्या, आणि भाऊ बाजेवर बसून सूचना देत होते. त्यांचं तोंड दोन बोटं जेमतेम उघडतं. शेकांनंतर जबडा आखडतो. तो सैल व्हावा म्हणून आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या असतात. रबर लावलेली ती जुडी बाजेच्या पायाशी होती. नात येऊन मोजायची आणि आज एक कमी आहे म्हणून आजोबांना दटावायची.

वांगी दोन ठिकाणी कुटली गेली. एक आमच्यासाठी, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून. दुसरं भाऊंचं : मिरची नाही, मीठ बेताचं, वर तेल.

"हे काय भरीत हाये? पोटीस हाये ही," भाऊ म्हणाले. "मले त्यातलं द्या."

"तोंड सोलून निघते, मग रात्रभर मीच जागते ना," वहिनी म्हणाल्या.

मुलीने मध्ये पडून आमच्या भरिताचा बोटभर घास त्यांच्या भरितात कालवला. ती नर्स आहे. घरातली खरी सत्ता तिच्याकडे आहे. तिच्या वहीत आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब, असं लिहिलेलं. या स्वस्त गोळ्या घरी बसून घेता येतात. टाटातल्या डॉक्टरांनी 422 रुग्णांवर त्यांची तुलना सिस्प्लॅटिनच्या सलाईनशी केली आणि 2020 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये ती छापून आली. सलाईनवाल्यांपैकी निम्मे 6.1 महिन्यांपुढे जगले, गोळीवाल्यांपैकी निम्मे 7.5 महिन्यांपुढे. आता तिला निवोलुमॅबचं इंजेक्शन हवं आहे. पूर्ण मात्रेचा खर्च या घराला झेपणारा नाही, पण नेहमीच्या 240 मिलिग्रॅमऐवजी 20 मिलिग्रॅम तीन आठवड्यांनी एकदा, अशी मात्रा टाटानेच तपासली. निकाल 2022 मध्ये आले. सोबतीला गोळ्या होत्याच. नुसत्या गोळ्यांवर वर्षभराने 16.3 टक्के रुग्ण हयात होते, इंजेक्शन जोडल्यावर 43.4 टक्के. हे आकडे तिने वडिलांसमोरच सांगितले. मला घास गिळवेना. भाऊ मात्र कळण्याची भाकरी दुधात कुस्करत शांतपणे ऐकत होते.

"वर्षभर म्हणते ना ती? कांदेबागही वर्षानंच निघते," ते म्हणाले. "चांगदेवाले चौदाशे पुरले नाही. मले एवढी बाग निघेपर्यंत पुरे."

केळीची ही दिवाळीच्या आगेमागे होणारी लागवड ते यंदा स्वतः करणार आहेत. पाठच्या भावाला, म्हणजे माझ्या मित्राला, हा हट्ट वाटतो. वाटेकरी घाबरला आहे. जेवणाच्या शेवटी एक नातेवाईक उगवले आणि कुठल्याशा वैद्याच्या पुडीबद्दल सांगू लागले. अशा माणसांचा मला फार राग येतो. पण वहिनींनी पत्ता लिहून घेतला, आणि मुलगी काही बोलली नाही. पाहुणे गेल्यावर तिने सांगितलं, असे पत्ते बरेच जमलेत. आईला ते लिहिताना बरं वाटतं, आजवर एकाही पत्त्यावर कोणी गेलं नाही.

मग खरा वाद निघाला. मुंबईची तारीख येत्या बुधवारची, आणि रोपांची गाडीही बुधवारचीच. रोपं उतरवताना आपण हवं, असं भाऊंचं म्हणणं. गाडी पुढे ढकला, असं बाकी सगळ्यांचं. मित्र नर्सरीला फोन लावत होता, मुलगी टाटाच्या ओपीडीला. आम्ही निघालो तेव्हा दोन्हीकडे घंटी वाजत होती आणि भाऊ मोटार सुरू करायला विहिरीकडे गेले होते.