तिळूचं दूध सुटलं

गेले तीन महिने इथे एक ओळही लिहिली नाही. दोघा-चौघांनी निरोप पाठवून चौकशी केली. नाशिकच्या पुतण्याने तर सरळ फोनच केला, "काका, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. घरात तान्हं बाळ होतं, एवढंच! पंचाहत्तराव्या वर्षी हे वाक्य लिहायला जरा मजा वाटते, म्हणून लिहून टाकलं. बाळ कुत्र्याचं होतं.

तर झालं असं. आमच्या मागच्या बाजूला एक अर्धवट बांधकाम आहे. तिथे वाळूच्या ढिगाआड एक गावठी कुत्री व्यायली होती. डिसेंबरच्या मध्यावर एका रात्री ती टेंपोखाली गेली. सकाळी कामवाल्या मावशींनी सांगितलं, तोवर चारातली दोन पिल्लं गारठून गेलेली होती. तिसरं दुपारपर्यंत गेलं. राहिली ती एक तपकिरी रंगाची मादी, कपाळावर तिळाएवढा काळा ठिपका. हिने तिला जुन्या शालीत गुंडाळलं आणि आम्ही रिक्षा करून जनावरांच्या दवाखान्यात गेलो. नाव वाटेतच पडलं. तिळू.

(इथे एक सांगून ठेवतो. पिल्लं एकटी दिसली म्हणजे ती पोरकी असतातच असं नाही. आई अन्न शोधायला गेलेली असते. लांब उभं राहून काही तास वाट बघावी, आणि आई नाही याची खात्री झाल्यावरच उचलावं. आम्हाला ती खात्री दुर्दैवाने रस्त्यावरच मिळाली होती.)

डॉक्टर तरुण होते. नाळ गळून पडलेली, डोळे मिटलेले, म्हणजे वय पाच-सहा दिवस असणार, असं म्हणाले. वजन ३८० ग्रॅम. हिने पिशवीतून आणलेली दुधाची वाटी बाहेर काढली, तर त्यांनी हात धरला. "आजी, आधी ऊब, मग दूध." पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. ती आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या गर्दीत मिळते. अंग गार पडलेलं असलं की पोटाचं कामही थांबतं, आणि अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही. उलट जिवावर बेततं. मग तासभर गरम पाण्याच्या पिशवीवर टॉवेल घालून तिला ठेवली. पाय हलवायला लागली तेव्हा कुठे पहिला घोट.

दूधसुद्धा वाटीतलं नाही. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त, प्रथिनंही दुपटीच्या आसपास, आणि साखर मात्र गाईच्या दुधापेक्षा कमी. नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लू वाढत नाही आणि त्याला जुलाब होतात. पिल्लांसाठी वेगळी पावडर मिळते, ती आणली. बारीक निपलची बाटली आणली. एका वेळी आठ-दहा मिली, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी दोनदा बजावली. आपण आपलं बाळ मांडीवर उताणं घेऊन पाजतो, तसं पिल्लाला कधीही पाजायचं नाही. ते पालथंच हवं, आईच्या पोटाशी असतं तसं, मान किंचित वर. उताणं पाजलं तर दूध फुप्फुसात जातं आणि पिल्लू न्यूमोनियाने जातं. हिचे हात चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीने तिला उताणं करायला जात, आणि ही स्वतःच स्वतःला म्हणे, "पालथी गं, पालथी!"

आमचं वेळापत्रक ठरलं. रात्री एकची पाळी माझी, पहाटे चारची हिची. खोक्यात अर्ध्या बाजूला गरम पाण्याची पिशवी, अर्धी बाजू मोकळी, म्हणजे उकडलं तर तिला सरकता यावं. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस शेपटीखाली हळूहळू फिरवायचा. इतकं लहान पिल्लू आपणहून शी-शू करू शकत नाही. आई चाटते तेव्हाच ते होतं. लोक म्हणतात कुत्रीचा जीव किती पिल्लांवर, सारखी चाटत असते. त्या चाटण्यावर पिल्लाचा जीव अवलंबून असतो हे मला या वयात कळलं. तीन आठवडे आम्ही ते काम कापसाने केलं.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. मी शंभर पानी वही घातली आणि रकाने आखले : तारीख, वजन, किती वेळा प्यायली, शी कशी. ही म्हणाली, "हजेरीपट सुटला नाही अजून!" पण त्या वहीनेच आम्हाला सावध केलं. ३८०, ३९५, ४१२, आणि चौथ्या दिवशी ३९६. डोळ्यांना काही फरक दिसत नव्हता. दुपारी पातळ पिवळी शी झाली, संध्याकाळपर्यंत तिने बाटली तोंडातून सोडली. कुईकुईसुद्धा बंद. डॉक्टरांना फोन केला. नवं दूध पोटाला मानवायला काहींना वेळ लागतो, म्हणाले. तोंडाने द्यायचं मीठ-साखरेचं औषधी पाणी आणि निम्मी पावडर, थोडं थोडं आणि जास्त वेळा, अंग गार पडू द्यायचं नाही. "रात्र काढली तर निघेल," म्हणाले. काढली नाही तर काय, हे आम्ही विचारलं नाही.

त्या रात्री पाळ्या नव्हत्या. ही स्वेटरच्या आत, छातीशी तिला धरून खुर्चीत बसली आणि मी दर अर्ध्या-पाऊण तासाने ड्रॉपरने थेंब थेंब सोडत होतो. दोन थेंब आत, एक बाहेर. तीनच्या सुमाराला हिला डुलकी लागली. मी समोर बसून त्या स्वेटरची हालचाल बघत होतो. दोघींचा श्वास वेगवेगळ्या चालीचा. लहान चाल मोजत होतो मी. इतकं कशासाठी, असं मनात आलं. ३९६ ग्रॅमचं पिल्लू, गावात अशी शेकडो. उत्तर सापडलं नाही. मोजणं मात्र थांबवलं नाही. साडेपाचला तिने माझ्या बोटाचं टोक धरून चोखायला सुरुवात केली. सकाळी वजन ३९८. वहीत मी त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

पुढचे दिवस भराभर गेले. आमच्याकडे आल्याच्या आठव्या दिवशी एक डोळा उघडला, दुसऱ्या दिवशी दुसरा, निळसर-करडे, धुरकट. डोळे उघडले तरी नीट दिसायला आणखी वेळ लागतो. मग कान उघडले. ते कळलं कुकरच्या शिट्टीने. आधी शिट्टी झाली तरी शांत झोपणारी तिळू एका सकाळी खोक्यात टुणकन उडाली! जंताचं औषध सुरू झालं. आम्ही दोघांनीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून रेबीजची इंजेक्शनं घेतली. बिचारीच्या आईबद्दल काहीच माहिती नव्हती, आणि पिल्लाचे इवले दात येणार होते.

ते आले संक्रांतीच्या सुमाराला. तांदळाच्या कणीएवढे पण सुईसारखे. आणि इथून खरा अभ्यास सुरू झाला.

आपल्याकडे 'दूध तोडणं' म्हणतात. वर्षानुवर्षं हा शब्द वापरला, पण त्यातला 'तोडणं' कुणी करायचं असतं याचा विचार केला नव्हता. पिल्लांना दात आले की ती आईला टोचतात. मग तीन-चार आठवड्यांची पिल्लं लुचत असतानाच आई उठून उभी राहते, चालायला लागते, फार मागे लागली तर गुरगुरते. तीच आई, जिने रात्रंदिवस चाटलेलं असतं. पुष्कळदा ती खाल्लेलं पिल्लांपुढे ओकून टाकते, तो त्यांचा पहिला मऊ घास. बाटली मात्र कधी उठून जात नाही, गुरगुरत नाही. म्हणजे ते काम आम्हीच, ठरवून करायचं.

आमच्याकडे उष्टावण झाली ती उथळ ताटलीत. पिल्लांचं खाणं गरम पाण्यात भिजवून, मऊ करून, दुधात पेजेसारखं कालवलं. तिळू आधी त्यात चारही पायांनी उभी राहिली, मग नाक बुडवून शिंकली, मग स्वतःचे पाय चाटताना तिला शोध लागला की हे खायचं असतं. रोज एक बाटली कमी, ताटली थोडी घट्ट. दूधभातावर भागवू नका, प्रथिनं हवीत, उकडलेलं अंडं द्या, असं डॉक्टर म्हणाले. आता आमच्या घरात अंडं शिजल्याचं मला आठवत नाही. हिने दोन दिवस विचार केला, मग गॅलरीत जुनी कॉइल लावून वेगळ्या पातेल्यात अंडं उकडलं, नाकाला पदर लावून. चौथ्या दिवशी पदर खाली आला.

शेवटची राहिली ती रात्री एकची बाटली. माझी. पिल्लाला तिची गरज उरली नव्हती. साडेपाच आठवडे झाले होते, वजन पावणेदोन किलोच्या घरात, पोट गच्च. पण ती कुईकुई करायची आणि मी उठायचो. ही म्हणाली, "अहो, ती आता भुकेने उठत नाही, तुम्ही येता म्हणून उठते." त्या रात्री ती अर्धा तास रडली. मी पांघरुणात जागा. दुसऱ्या रात्री दहा मिनिटं. तिसऱ्या रात्री रडली नाही, तरी मी एक वाजता जागाच होतो.

आता प्रश्न चावण्याचा. पिल्लं एकमेकांशी मस्ती करताना चावतात, दुसरं किंचाळतं, खेळ थांबतं, आणि त्यातून कितपत जोर लावायचा ते शिकतात. हिला भावंडंच नव्हती. आम्ही "नाही!" म्हणायचो, तिला तो खेळच वाटायचा. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं पिल्लांचं निरीक्षण करून १९६५ साली एक मोठं पुस्तक लिहिलं. पिल्लाची माणसांशी आणि इतर कुत्र्यांशी नाती जुळण्याचा मुख्य काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा, असं त्यांनी मांडलं. आमच्या हातातून तो काळ चालला होता.

आमचे गवळी शेजारच्या गावातून येतात. त्यांच्या गोठ्यावर मोत्या नावाचा म्हातारा कुत्रा आहे, सगळ्या लशी दिलेला. तिळूला पहिली लस टोचून आठवडा झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, आम्ही तिला तिथे घेऊन गेलो. तिने सवयीप्रमाणे मोत्याच्या कानाला कडकडून धरलं. मोत्याने एकदाच गुरगुरून तिला नाकाने खाली दाबलं. ती उताणी झाली, क्षणभर गप्प राहिली, मग उठून पुन्हा गेली, पण दात न लावता! आम्ही दोन आठवडे डोकं फोडून जे शिकवू शकलो नाही, ते त्याने अर्ध्या तासात शिकवलं. छत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी, चकित होऊन बघत राहिलो. मग एक दिवसाआड आम्ही तिला तिथे नेऊ लागलो.

तिळूला कायम ठेवून घ्यावं असं मला वाटत होतं. उघडच सांगतो, फार वाटत होतं. एके संध्याकाळी ती पायाशी झोपलेली असताना मी विषय काढला. ही शांतपणे म्हणाली, "अहो, ती चौदा वर्षांची होईल तेव्हा तुम्ही एकोणनव्वदचे. तेव्हा तिला फिरवायला न्यायचं की तुम्हाला?" मी हसलो. ही हसली नाही. "रात्री मला काही झालं आणि तुम्ही दवाखान्यात बसलात, तर हिला ताटली कोण देणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात चौथ्या मजल्यावर.

सोसायटीत विचारलं. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "कुत्रा की कुत्री?" कुत्री म्हटलं की गप्प. एकाने तर सांगितलं, "मास्तर, कुत्रा असता तर नेला असता." वर्गातल्या मुलींच्या बापांकडून ऐकलेले सूर आठवले. शेवटी गवळ्यांच्या मालकीणबाईच म्हणाल्या, "राहू द्या की काका आमच्यात. मोत्याबी म्हातारा झालाय." सहा महिन्यांची झाली की नसबंदी करायची, त्याचा आणि लशींचा खर्च आमचा, असं ठरलं. दुसरी लस झाल्यावर, दहाव्या आठवड्यात, तिळू गेली. हिने डब्यात चार उकडलेली अंडी दिली. येताना रिक्षात आम्ही दोघं काही बोललो नाही.

गेल्या रविवारी बघायला गेलो. तीन महिने पूर्ण झालेत, रेबीजचं इंजेक्शनही झालंय. लांबून ओळखून धावत आली, दोघांचे हात चाटले, माझी चप्पल हुंगली, शेपटीसकट सगळं अंग हलवलं. मी खाली बसणार, एवढ्यात मोत्या उठून उसाच्या बांधाकडे निघाला आणि ही बया मागे न बघता त्याच्यामागे पळाली! मी उभाच. ही म्हणाली, "शाळा सुटल्यावर पोरं मास्तरांकडे याहून जास्त कधी बघायची?"

खरं आहे. गवळी रोज सकाळी दुधाबरोबर बातमी आणतात. आज म्हणाले, कालपासून भाकरी खाते.