कार्बोरेटर उघडताना

डिसेंबरातल्या सकाळी पुण्यात स्कूटर आधी तिरकी व्हायची, मग किक बसायची. वाड्याच्या बोळात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऑफिसच्या फाटकाशी, सगळीकडे तेच. हँडल धरून गाडी एका अंगावर कलवायची, क्षणभर तशीच ठेवून सरळ करायची, चोक ओढायचा आणि पाय मारायचा. हे कुणी शिकवत नसे. वडील करायचे, म्हणून मुलगा करायचा. गाडी कलली की कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल हलायचं, थोडं जास्तीचं पुढे जायचं आणि गारठलेलं इंजिन पेट घ्यायचं.

आकुर्डीला 1972 पासून तयार होऊ लागलेली चेतक स्कूटर मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. इतकी वाट पाहून घरी आलेली गाडी माणसं कानानं ओळखायला लागली. ‘आज रेसिंग कमी आहे’, ‘स्लो जेटमध्ये कचरा आलाय’ असं बँकेतला कारकून सहज बोलून जायचा आणि बहुतेकदा त्याचं बरोबर निघायचं.

कार्बोरेटरला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. आत हवेची वाट मधेच अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब पडतो. बर्नुलीनं 1738 साली मांडलेली ही गोष्ट. वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पुरा दाब असतो. त्या फरकावर पेट्रोल जेटमधून वर चढतं आणि हवेत फुटून तिच्याबरोबर इंजिनात जातं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, आणि हा हिशेब पितळेच्या एका भोकावर सोडलेला असतो. चेतकच्या घराण्यातल्या इटालियन पद्धतीच्या कार्बोरेटरात 100 नंबरच्या मेन जेटचं भोक बरोबर एक मिलिमीटरचं. म्हणून जेटमध्ये तार घालून कचरा काढणाऱ्याचा हात मला धरावासा वाटतो. पोलादी तारेनं भोक जरासं खरवडलं गेलं तरी जेटचा नंबर बदलतो, फक्त तो कुणाला वाचता येत नाही.

त्यात पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ. मुंबईत सुरेख लागलेली गाडी घाट चढून आली की मिश्रण किंचित दाट होतं. तीच पुढे महाबळेश्वरला, 1,350 मीटरवर नेली की प्लगवर काजळी धरते. गाडी बिघडलेली नसते. डोंगरानं हवा कमी केलेली असते आणि जेट तेवढाच राहिलेला असतो.

येझदी मोटरसायकलवाल्यांची कथा वेगळी. त्या गाडीच्या जिकोव्ह कार्बोरेटरला टिकलर असे. तो दाबून धरायचा, पेट्रोल ओघळून बोटाला लागलं की सोडायचा. येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना 1996 साली बंद पडला, भाग मिळेनासे झाले, आणि अनेकांनी जिकोव्ह उतरवून मिकुनी बसवला. नाना पेठेतल्या दुकानांत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कार्बोरेटर मिळेल, पण तो नुसता आवळून काम होत नाही. तोंडाचा जोड करून घ्यावा लागतो, केबलची लांबी जुळवावी लागते, आणि मग थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या नीडलची क्लिप. क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर उचलली जाते आणि अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण दाट होतं. हे बारीक काम मला फार आवडतं. यात घाई करणारा माणूस गाडीशी बोलतच नाही.

असे भाग बदलण्याऐवजी काढूनच टाकण्याचा सगळ्यात मोठा मोह मात्र परदेशातल्या एका गाडीनं घातला. माझ्दाची आरएक्स-7 ही 1978 ची गाडी. तिच्या वँकेल पद्धतीच्या इंजिनात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. दोन रोटर, प्रत्येकी 573 सीसी. वर निक्की कंपनीचा चार नळ्यांचा कार्बोरेटर: दोन अरुंद नळ्या सावकाश चालण्यासाठी, दोन रुंद नळ्या व्हॅक्यूमनं उघडणाऱ्या, वेगासाठी. त्याभोवती रबरी नळ्यांचं असं जाळं, की शौकीन त्याला उंदराचं घरटं म्हणतात. पण जाळं उगाच नव्हतं. रोटरीत जळणाची जागा लांबट, चपटी असते. ज्योत कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही आणि न जळलेलं पेट्रोल धुराड्यातून बाहेर पडतं. अमेरिकेतल्या प्रदूषणाच्या कायद्यांत बसण्यासाठी बराचसा पसारा होता. शौकिनांनी तो उपटला, चोक काढला, रुंद नळ्या व्हॅक्यूमऐवजी सरळ दांडीनं उघडतील असं केलं. इंजिन मोकळं दिसायला लागलं.

त्याच गर्दीत दोन बारीक नळ्या ऑईलच्या होत्या. रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण द्यायला ऑईलचा एक पंप थेंब थेंब ऑईल थेट कार्बोरेटरात सोडतो. त्या नळ्या काढल्या तर पेट्रोलमध्ये ऑईल मिसळावंच लागतं, नाहीतर सील झिजून जातात.

पंपावर चेतक थांबवून लिटरला 20 मिली टू-टी ऑईल घालणाऱ्या पुणेकराला हे सांगायला नको. त्याचं वंगण पेट्रोलबरोबरच आत जायचं. ॲव्हरेजसाठी कुणी लहान जेट घातला, की पेट्रोलबरोबर ऑईलही तुटायचं, इंजिन तापायचं आणि भर रस्त्यात पिस्टन जाम व्हायचा. एअर फिल्टर काढून टाकणारेही हेच करत होते. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, आणि वर धूळ आत. म्हणून काढणाऱ्याला माझं एकच विचारणं असतं: या नळीतून काय जात होतं?

वेताळ टेकडीवरच्या, 1966 साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाड्यांच्या धुराची मोजणी होते. 1 एप्रिल 2020 ला भारत स्टेज 6 हे धुराचं मानक आलं आणि नव्या दुचाक्यांवरून कार्बोरेटर जवळपास उतरलाच. इंजेक्शन आलं ते चांगलंच झालं. या शहराचा श्वास कसा झालाय ते चौकात उभं राहिलं की कळतं. पण ज्या जुन्या गाड्या अजून चालतात, त्यांचा धूर कमी करायचा तर कार्बोरेटर जाणणारा हात टिकला पाहिजे.

तेव्हा उघडायचाच असेल तर आधी धुवा, गॅस्केट नवीन घाला, फ्लोटची पातळी बघा, फिल्टर जागेवर ठेवा. इंजिन गरम झाल्यावरच हवेचा स्क्रू फिरवा. मग कात्रजचा जुना घाट चढा, बोगद्याच्या अलीकडे जागा बघून पूर्ण थ्रॉटलवरच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर हात लावू नका. पांढरा दिसला तर मेन जेट एक नंबर मोठा घाला आणि पुन्हा चढून या.