सन्मानिका आणि भेटपत्र

मराठी माणसाला नाटकाचे वेड आहे, असे आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. त्याला फुकट पासाचेही तितकेच वेड आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. या पासाला आपण 'सन्मानिका' असे भारदस्त नाव दिले आहे. कार्यक्रम कोणताही असो, पुढच्या दोन रांगा सन्मानिकांच्या. त्या रांगांतले निम्मे सन्माननीय उशिरा येतात, उरलेले येतच नाहीत. आणि स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेला आमच्यासारखा एखादा त्या रिकाम्या खुर्च्यांची राखण करीत उभा असतो. मागे पैसे मोजून आलेली माणसे माना उंच करून पाहत असतात!

तशी नाटकाची सुरुवातच मुळी फुकटातून झाली. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले ते तिथल्या अधिपतींच्या आश्रयाने. खर्च राजाचा, पाहणारे पाहुणे. राजाश्रय सुटल्यावर भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले, आणि १८५३ च्या सुमारास मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. पुढे १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा तिकीट घेणे म्हणजे देशकार्याला देणगी देणे झाले. आपण आजही तिकिटाला 'देणगी प्रवेशिका' म्हणतो, त्यामागे हीच भावना असावी. आपल्या भागात जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याची सोंगे नाचतात, त्याला तर तिकीट ही कल्पनाच ठाऊक नाही. तेव्हा कोणीतरी पैसे द्यायचे आणि दुसऱ्याने पाहायचे, ही रीत आपल्याकडे जुनीच. प्रश्न एवढाच की, पाहणारा कोण?

हा प्रश्न मला पडला तो गेल्या वर्षी. विद्यार्थी साहाय्य निधीसाठी आम्ही पालघरला एकांकिकांचे दोन खेळ ठेवले होते. एक शनिवारी रात्री, दुसरा रविवारी सकाळी. निधी कशासाठी हे आपणांस ठाऊक आहेच. विक्रमगड-जव्हारकडून एस.टी.ने येणारे आपलेच काही मित्र महिनाअखेर वर्गात दिसेनासे होतात, ते अभ्यासाचा कंटाळा येतो म्हणून नव्हे. पासाचे पैसे संपतात म्हणून. प्रवेशिका शंभर रुपयांची. पुस्तके वाटली गेली, तेव्हा बोईसर माझ्या आणि एका मित्राच्या वाट्याला आले.

बोईसर म्हणजे पाळ्यांचे गाव. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होऊ लागली, शेजारी औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून माणसे येऊन राहिली. सकाळी दार वाजवावे तर आतून बाई ओठांवर बोट ठेवून बाहेर येते : "हळू बोला, रात्रपाळी करून झोपलेत." संध्याकाळी वाजवावे तर दुसरी पाळी सुरू. प्रवेशिकेवर छापलेली तारीख-वेळ पाहून लोक आधी कॅलेंडर बघत नव्हते, पाळीचा तक्ता बघत होते. 'त्या दिवशी कोणती पाळी असेल कुणास ठाऊक,' हे वाक्य मी त्या दोन दिवसांत किती वेळा ऐकले असेन, त्याची गणतीच नाही!

अशाच एका चाळवजा इमारतीत एक काकू भेटल्या. यजमान एका रंगद्रव्याच्या कारखान्यात. त्यांनी प्रवेशिका हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि आत जाऊन डब्यातून एक चकचकीत कार्ड घेऊन आल्या. दिवाळीला कारखान्यातून मिळालेले, पाचशे रुपयांचे भेटकार्ड! मागची रुपेरी पट्टी अजून खरवडलेलीही नव्हती.

"हे चालेल का रे बाळा?"

आमच्याकडे तशी सोयच नव्हती. ते कार्ड ज्या दुकानाचे, त्याच दुकानात वटणारे. मी तसे सांगितले आणि सुचवले, रोख द्या, नाहीतर फोनवरून पाठवा.

काकू हसल्या. म्हणाल्या, "घरखर्चातले पैसे नाटकाला कसे देऊ? हे कार्ड मात्र ह्यांनी माझ्या हातात ठेवून सांगितलंय, की हे तुझं. चौदा वर्षं झाली बोईसरला येऊन, एक नाटक बघितलं नाही."

अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो की पैसा हा पैसाच. रुपयावर कोणाचे नाव लिहिलेले नसते. काकूंच्या डब्यात मात्र ते लिहिलेले होते. रोख रकमेवर किराणा, शाळेची फी, गावाकडची मनिऑर्डर या सगळ्यांचा हक्क होता. त्या कार्डावर फक्त त्यांचा. शंभराची नोट नाटकासाठी मोडताना ज्या बाईचा हात थरथरेल, तीच बाई पाचशेचे कार्ड निःशंक मनाने पुढे करते. आणि असे कार्ड आपण घेत नाही, तेव्हा पाचशे रुपये बुडतात हे एक वेळ सोडा. जो प्रेक्षक एरवी कधीच नाट्यगृहाची पायरी चढणार नाही, तोच नेमका दाराशी येऊन परत जातो.

त्या दिवशी मार्ग काढला तो माझ्या मित्राने. त्याला त्याच दुकानातून दप्तर घ्यायचे होते. काकूंच्या कार्डावर त्याने दप्तर घेतले आणि तेवढी रोख रक्कम निधीत भरली. काकूंना पाच प्रवेशिका मिळाल्या. हिशेबाच्या वहीत ही नोंद कशी करावी, यावर आमच्या सरांनी बराच वेळ डोके खाजवले. शेवटी म्हणाले, "एकदा ठीक आहे. पद्धत म्हणून चालणार नाही. दर वेळी दप्तर कोण घेणार?"

मग पद्धत कोणती? मोठ्या शहरांत याला उत्तर आहे. तिकिटे विकणाऱ्या कंपन्या स्वतःची भेटकार्डे काढतात; ते कार्ड मिळालेला माणूस फोनवरून हवे ते नाटक, हवी ती वेळ निवडतो. पण आपल्यासारख्या मंडळाने असा मध्यस्थ घेतला, तर पैसे यायचे बहुधा खेळ झाल्यावर. ध्वनिक्षेपकवाला आणि मंडपवाला मात्र आगाऊ रकमेशिवाय गाडी हलवीत नाहीत! बँकांच्या भेटकार्डांची तऱ्हा आणखी निराळी. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यांत जास्तीत जास्त दहा हजार रुपये असू शकतात, पुन्हा भर घालता येत नाही, रोख रक्कम काढता येत नाही. ती घ्यायची तर आपल्याकडे कार्ड वाचणारे यंत्र हवे. आमच्याजवळ होती ती फक्त एक पत्र्याची पेटी आणि पावतीपुस्तक.

त्याच नियमांत एक सोय मात्र आहे. जो कार्ड देतो त्याच्याकडेच ते वटणार असेल, तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. सरांनी हे वाचून दाखवले आणि आम्ही आमचे स्वतःचे भेटपत्र काढायचे ठरवले. पोस्टकार्डाएवढा जाड कागद, वर अनुक्रमांक, महाविद्यालयाचा शिक्का, डाव्या बाजूला स्थळप्रत. किंमत शंभरच. तारीख-वेळ मात्र छापली नाही : दोन्हींपैकी कोणत्याही खेळाला चालेल, आणि दोन्ही चुकले तर वर्षभरात होणाऱ्या आमच्या कोणत्याही कार्यक्रमाला. पाळीच्या तक्त्यावर आम्हांला दुसरे औषध सापडले नाही.

वसाहतीतल्या एका कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी तीस भेटपत्रे घेतली आणि कंत्राटी कामगारांत वाटली. आजवर त्यांना आम्ही सन्मानिका नेऊन देत होतो! एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या धुणेवालीसाठी आणि तिच्या दोन मुलींसाठी तीन घेतली. ही रक्कम खेळाच्या आधीच हाती आल्यामुळे ध्वनिक्षेपकवाल्याची आगाऊ रक्कम त्यातूनच गेली, कुणाकडे हात पसरावा लागला नाही.

आमच्या एका प्राध्यापकांचा आक्षेप होता की, फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही. ही माणसेही सन्मानिकावाल्यांसारखीच येणार नाहीत. आक्षेप अगदीच खोटा म्हणता येणार नाही. तिसातली अकरा भेटपत्रे त्या दोन दिवसांत परत आली नाहीत. पण फरक असा की, सन्मानिकेने रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचे पैसे कुणीच दिलेले नसतात, आणि ती बहुधा अशांना जाते ज्यांना तिकीट परवडते. भेटपत्राची खुर्ची मोजून घेतलेली असते, ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी. माझ्या मते पुढच्या दोन रांगा या लोकांना द्याव्यात. समितीने ही सूचना अजून तरी हसण्यावारी नेली आहे.

न वटलेल्या त्या अकराशे रुपयांवरून मात्र मोठी चर्चा झाली. कोणी म्हणाले, निधीत जमा करा, पैसे तर आपलेच. सर ऐकेनात. ज्या खेळाचे पैसे घेतले तो अजून आपण दाखवलेला नाही, तोवर ते देणेच, असे म्हणून त्यांनी वहीत वेगळे पान घातले. कार्यक्रमच रद्द झाला तर पैसे कोणाला परत करायचे, देणाऱ्याला की ज्याच्या हाती भेटपत्र आहे त्याला, हाही प्रश्न निघाला. माझे मत हाती असलेल्याच्या बाजूने पडले. भेट एकदा दिली की दिली.

काकू रविवारच्या खेळाला आल्या. सोबत मुलगी आणि तीन शेजारणी. उमरोळीला गाडी बराच वेळ थांबली म्हणून पहिली एकांकिका अर्धी बुडाली, याची त्यांना फार हळहळ वाटली. दुसऱ्या एकांकिकेत शेजारीण मोठ्याने हसली, तेव्हा त्यांनी तिला कोपराने ढोसले, हे मी दारातून पाहिले.

यंदाच्या कार्यक्रमाला त्या अकरांपैकी चार भेटपत्रे आली, त्यांतले एक घामाने इतके मऊ झाले होते की अनुक्रमांक स्थळप्रतीशी ताडून पाहावा लागला. मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. पुढच्या भेटपत्रांवर मुदत एक वर्षाची छापावी की दोन, यावर समितीत वाद चालू आहे. मी दोनच्या बाजूचा आहे.