तार न धरणारा पाक

आचाऱ्याच्या नोकरीनिमित्त काही वर्षे मस्कतला काढावी लागली, आणि गुळावर वाढलेल्या माझ्या हाताला खजुराच्या काकवीची, म्हणजे तिकडच्या 'दिब्स'ची, ओळख तेथेच झाली. त्याच देशातल्या जबरीनच्या सतराव्या शतकातील गढीत खजुराचे जे कोठार आहे, त्याच्या जमिनीत समांतर पन्हळी काढलेल्या आहेत. त्यांवर खजुराच्या भरलेल्या पिशव्यांची थप्पी रचली, म्हणजे वरच्या भाराने आणि उष्म्याने खालच्या फळांतून रस आपोआप पाझरून भांड्यात उतरे. चरक नाही, विस्तव नाही! बहरीनच्या उत्खननात अशीच व्यवस्था सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीची सापडली आहे.

आमच्या मुदपाकखान्यात मात्र शेगडीवाचून तरणोपाय नव्हता. एक किलो बिनबियांचा खजूर दोन लिटर कोमट पाण्यात भिजवावा, मंद आचेवर शिजवून पंचातून पिळावा, आणि पळीच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ मिटेनाशी होईपर्यंत तो रस आटवावा, एवढाच काय तो खटाटोप.

पहिल्या संक्रांतीला या रसाचा गोळीबंद पाक करून तिळाचे लाडू वळण्याचा मी घाट घातला. वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून पाहिला. तो दर वेळी मऊच राही, म्हणून आच वाढवली, आणि क्षणात कडवट वास सुटला. गुळातली साखर मुख्यतः उसाची, ती पुन्हा स्फटिकरूप धरते. खजुरातली मुख्यतः ग्लुकोज व फ्रुक्टोज, ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि लवकर करपते. हा रस म्हणजे गुळाचा बदली कारकून नव्हे, हे मला त्या दिवशी उमगले. मोदकाच्या सारणात त्याला थारा देऊ नये, सारण पाझरून उकड फुटते. पण चिंचेच्या चटणीत त्याच्या फळाळ गोडीपुढे मी गूळ दुय्यम मानतो. नैसर्गिक म्हणून तो मधुमेह्याला निर्धोक, अशी हमी मात्र मी कोणाही पाहुण्याला दिली नाही. साखर ती साखरच.

त्या संक्रांतीला उरलेले भाजके तीळ तेल सुटेपर्यंत वाटून, न करपलेल्या रसात कालवून मी बाजूला ठेवले होते. शेजारच्या चुलीवरचा बसऱ्याचा आचारी आला, त्याने भाकरीचा तुकडा मोडून त्यात बुडवला, आणि आपल्या घरची न्याहारी मला कोणी शिकवली, असे विचारू लागला.