सापाचं घर, आणि त्याची किल्ली



गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, माझा लेक साप पाळायचा म्हणतोय. तुझ्याकडे आहे ना? मी हो म्हणू का नको?" फोनवर अर्धा तास बोलले, तरी निम्मं राहिलंच. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी माझी ओळख. पेशाने सीए, पुण्यात शिकले, गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये आहे. घरी नवरा, बारा वर्षांची लेक आणि मार्चपासून एक कॉर्न स्नेक. नारिंगी रंगाचा, म्हणून लेकीने त्याचं नाव ठेवलं भोपळा. तिला आजीच्या गोष्टीतला भोपळा फार आवडायचा.

लेक वर्षभर मागे लागली होती. मी नेहमीचं उत्तर देत होते, "३१ जानेवारीनंतर बघू." इथले अकाउंटंट लोक समजतील, टॅक्स रिटर्नची तारीख होईपर्यंत आमच्या घरी कोणताच निर्णय होत नाही. १ फेब्रुवारीला सकाळी चहाच्या कपाखाली एक कागद ठेवलेला होता. त्यावर लिहिलं होतं, "आज १ तारीख आहे."

मग मी माझ्या पद्धतीने बसले, म्हणजे एक्सेल उघडलं. तुम्हालाही आकडेच आधी देते. जुनं लाकडी व्हिव्हेरियम, पुढे सरकत्या काचा, चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच: ९० पौंड. थर्मोस्टॅट ६०. उष्णतेचा दिवा, त्याचं होल्डर आणि जाळी ४५. दोन डिजिटल थर्मामीटर १५. लपायच्या जागा, पाण्याचं जड भांडं, फांद्या ४०. तळाला पसरायचा अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा १५. काचेचं कुलूप ६. एकूण २७१ पौंड. आणि साप? ५० पौंड. म्हणजे दुकानात "फक्त पन्नास" ऐकून हुरळून जाऊ नका.

पण खरा आकडा वेगळाच आहे. नीट सांभाळला तर कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षं जगतो. लेक अठराची होऊन युनिव्हर्सिटीत जाईल, तेव्हा भोपळ्याचं अर्धं आयुष्यही झालेलं नसेल. उंदीर गरम करून भरवायचं काम तेव्हा कोणाकडे येणार, हे सांगायला सीए लागत नाही. आमच्या भाषेत हे दीर्घ मुदतीचं दायित्व. ते तुम्हाला मान्य असेल तरच पुढे वाचा.

आता घराबद्दल. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. सापाला स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करता येत नाही. तो ऊन आणि सावली यांच्यात ये-जा करून तापमान सांभाळतो. म्हणून पेटीची एक बाजू गरम हवी आणि दुसरी थंड. आमच्याकडे दिव्याखाली ३० ते ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २४. दोन्हीकडे लपायला एकेक अंधारी, अंगाला घट्ट बसेल अशी जागा. लपायची जागा एकच ठेवली तर त्याला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच काहीतरी निवडावं लागतं, आणि साप बहुधा सुरक्षितता निवडतो. मग खाल्लेलं पचत नाही. मधला भाग मोकळा सोडू नका. फांद्या, कॉर्कच्या सालीचे तुकडे, प्लास्टिकची पानं, जे मिळेल ते भरा. आपल्याला मोकळं घर छान वाटतं, त्याला ते उघडं मैदान वाटतं.

दिव्याला जाळी हवीच, नाहीतर साप त्याला विळखा घालून भाजून घेतो. भुसा देवदाराचा नको, त्याचा वास सापाला बाधतो. आणि आत कुठेही चिकटपट्टी लावू नका. तिला साप चिकटला तर सोडवताना कातडी सोलते.

आता माझी चूक सांगते. पेटी शनिवारी लावून झाली आणि मी म्हटलं, चला, उद्याच साप आणू. लेक म्हणाली, "नाही. आधी एक आठवडा रिकामी चालवायची. तापमान लिहून ठेवायचं." मला वाटलं, हा पुस्तकी शहाणपणा आहे. पण तिने तक्ता केला आणि दिवसातून चार वेळा नोंद करायला लागली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना तिचा मेसेज आला, "आई, गरम बाजू ४१."

झालं असं होतं की थर्मोस्टॅटचा प्रोब मी एका रबरी कपाने भिंतीला चिकटवला होता. तो निसटून थंड बाजूला पडला. थर्मोस्टॅटला वाटलं, पेटी अजून गारच आहे, म्हणून तो दिवा तापवतच राहिला. यंत्र बिघडलं नव्हतं. त्याला चुकीच्या जागेची माहिती मिळत होती, इतकंच. माझं अर्धं आयुष्य लोकांचे हिशेब तपासण्यात गेलंय आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. साप आत असता तर? मी संध्याकाळी सहाला घरी येते.

तेव्हापासून प्रोब स्क्रूच्या क्लिपने पक्का केलाय, आणि थर्मोस्टॅटवर विश्वास न ठेवता वेगळे दोन थर्मामीटर लावलेत. तुम्ही यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण आठवडाभर रिकामी पेटी चालवून बघा. मागे वायर जायला असतं ते भोकही बघा. ज्या फटीतून डोकं जातं, तिथून अख्खा साप जातो.

साप घरी आल्यावर आठवडाभर त्याला हात लावायचा नाही. फक्त पाणी बदलायचं. मग पहिलं खाणं, आणि खाल्ल्यावर ४८ तास पुन्हा हात लावायचा नाही. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. घरात लहान बाळ असेल तर हे फार काटेकोरपणे पाळा.

खाण्याचा विषय टाळून चालणार नाही. आम्ही शाकाहारी. आमच्या फ्रीजरमध्ये ओला नारळ, मटार आणि सासूबाईंनी करून ठेवलेल्या पुरणाचे डबे. तिथे गोठवलेले उंदीर? नवऱ्याने एकच वाक्य टाकलं, "मी घर सोडून जाईन." शेवटी गॅरेजमध्ये ४० पौंडांचा जुना छोटा फ्रीजर घेतला. उंदीर मेलेले, गोठवलेले येतात. पिशवीत घालून आधी वितळवायचे, मग कोमट पाण्यात गरम करायचे आणि लांब चिमट्याने द्यायचे. मायक्रोवेव्ह कधीही नाही. पहिल्यांदा मी तोंड फिरवून उभी होते. आता सवय झालीय, पण आवडतं असं म्हणणार नाही. हे तुम्हाला जमणार नसेल तर मुलांना आधीच स्पष्ट सांगा. साप शाकाहारी होत नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली, ती.

जूनमध्ये माझी आई सहा महिन्यांसाठी येणार होती. तिचं माहेर सांगली जिल्ह्यात, शिराळ्याच्या बाजूला. होय, तेच बत्तीस शिराळा, जिथे पूर्वी नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजा व्हायची. माझी आई मात्र नागपंचमीला घराबाहेर पडायची नाही. तिचा मोठा भाऊ नऊ वर्षांचा असताना मण्यार चावून गेला, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पुढे कधी कुणी विचारलं नाही.

मी ठरवलं होतं की तिला सांगायचंच नाही. व्हिव्हेरियमला चादर घालू, खोली बंद ठेवू. लेक म्हणाली, "आजी सहा महिने राहणार आणि तू तिला खोटं सांगणार?" म्हणून फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "मग मी येत न्हाई."

मंडळी, तिकीट काढलेलं, व्हिसा झालेला. सत्तरी ओलांडलेली आई आणि ५० पौंडांचा साप यांत काय निवडायचं, हा प्रश्नच नव्हता. मी लेकीला सांगितलं, भोपळ्यासाठी दुसरं घर शोधू. ती रडली नाही. तिने आजीला स्वतः फोन लावला. काय बोलली ते मी ऐकलं नाही, पण दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "कुलूप आहे का त्याला? किल्ली माझ्याकडं ऱ्हायली पाहिजे."

कुलूप होतं. सोनाराच्या दुकानात काचेच्या कपाटाला असतं, तसलंच दात्यांच्या पट्टीचं. किल्ली आईच्या बटव्यात गेली. रोज रात्री झोपायच्या आधी ती दारातूनच लेकीला विचारायची, "लावलंस?" लेक काच ओढून दाखवायची. पाणी बदलायचं असलं की आजीकडे किल्ली मागायची, काम झालं की परत द्यायची. पहिला महिना आईने उंबरा ओलांडला नाही.

जुलैत भोपळ्याचे डोळे दुधाळ झाले. कात टाकायच्या आधी असं होतं, घाबरू नका. त्या दिवसांत हाताळायचं नाही, आणि ओलसर शेवाळ भरलेला डबा आत ठेवायचा. चार-पाच दिवसांनी अख्खी कात निघाली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट. लेकीने ती वहीच्या पानावर ठेवून आजीला दाखवली. आईने हात लावला नाही, पण बघत राहिली. आणि मग, मी कपड्यांच्या घड्या घालत असताना, तिने सांगितलं.

दादा आणि ती एकाच घोंगडीवर, जमिनीवर झोपले होते. ती सहा वर्षांची. रात्री काही कळलंच नाही. पहाटे त्याच्या पोटात दुखायला लागलं, मग पापण्या उघडेनात. घरच्यांना वाटलं, झोप येतेय. मग देवऋषाकडे नेलं. दवाखान्यात नेलंच नाही. "त्यानं मला हाक मारलेली," आई म्हणाली. "मी म्हटलं, झोप की."

लेकीने विचारलं, "आजी, तुला कसं कळणार होतं?" मण्यारीचा चावा झोपेत बहुतेकदा जाणवतही नाही, खूणही दिसेलच असं नाही, हे तिने वाचलेलं होतं. तिने ते आजीला समजावून सांगितलं, शाळेत प्रोजेक्ट सांगावा तसं. की अशा वेळी वाचवतं ते दवाखान्यातलं प्रतिविष. सहा वर्षांच्या मुलीने उठून काहीही केलं असतं, तरी ते तिच्या हातात नव्हतं. आई काही बोलली नाही. मीही नाही. इतक्या वर्षांत मी तिला हे एकदाही म्हटलं नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं की तिने ते स्वतःवर घेतलंय.

नागपंचमीला आईने पाटावर चंदनाने नाग काढला, पुरणाची दिंडं उकडली. चिरायचं नाही, तळायचं नाही, सगळं रीतसर. दूध ठेवलं तेव्हा लेक म्हणाली, "आजी, साप दूध पीत नाहीत." आई म्हणाली, "म्हाईत आहे मला. ते तुला प्यायला."

आई बरी झाली, तिची भीती गेली, असं काही मी लिहिणार नाही. ती अजूनही त्या खोलीत एकटी जात नाही. भोपळा बाहेर काढला की ती स्वयंपाकघरात जाते. पण किल्ली तिच्याकडेच आहे, आणि डिसेंबरमध्ये परत जाताना ती कुणाकडे द्यायची, यावर दोघींची चर्चा चालू आहे. माझं नाव अजून आलेलं नाही.

जाता जाता, कायद्याचं बघा. इथे इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेकला परवाना लागत नाही, पण १६ वर्षांखालच्या मुलांना प्राणी विकत नाहीत, म्हणजे कागदावर मालक तुम्हीच. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या. हवाई आणि न्यूझीलंडमध्ये साप पाळायला बंदीच आहे. ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेक चालत नाही. अमेरिकेत राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. आणि सुट्टीत भारतात गेल्यावर मुलांना बजावून सांगा की तिथला साप पकडायचा नाही, जवळही जायचं नाही. तिथले साप १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, आणि घरचा भोपळा शांत आहे म्हणून शेतातली घोणस शांत नसते.

आणि घरी आजी-आजोबा येणार असतील तर त्यांना आधी सांगा. चादर घालून झाकू नका.

काही विचारायचं असेल तर खाली विचारा. माझा एक्सेलचा तक्ता हवा असेल तर सांगा, पाठवते. तापमानाचा तक्ता मात्र लेकीचा आहे, तो तिला विचारूनच देईन.